बिनवाऱ्याची दुपार

मी मूळचा नागपूरचा, आणि इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या एका गावच्या गोल्फ कोर्सवर ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारा. समुद्राकाठची वाळूतली मैदानं वेगळी. आमचं मैदान किनाऱ्यापासून दूर, चिकणमातीवर, म्हाताऱ्या ओक झाडांच्या रांगांमधून गेलेलं. मधून सार्वजनिक पायवाट जाते, त्यामुळे कुत्रं फिरवणारे आणि शाळेतून परतणारी पोरंही आमचीच.

19 जुलै 2022. ब्रिटनच्या हवामान खात्याने पहिल्यांदाच अतिउष्णतेचा लाल इशारा दिला होता. पहाटे चारला कामाला लागलो. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू टाकायच्या भोकाभोवतीचं, गवत जेमतेम साडेतीन मिलिमीटर असतं. त्या दिवशी गवत कापायचं मशीन लावायचंच नाही असं ठरलं. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणारे गवताचे लांब पट्टे, पिवळे पडले तर पडोत, पावसानं परत हिरवे होतात. ग्रीनवरच्या पोआ गवताची मुळं मात्र उथळ, एका दुपारीत ते हातचं जातं. म्हणून तासातासाला नळीनं हलका शिडकावा, पातं गार होण्यापुरताच. तापल्या मातीत पाणी साचलं तर मुळं शिजतात.

चौदाव्या ग्रीनजवळच्या ओकाखाली एक बाक होता. दोन आजोबा रोज तिथे बसायचे. सकाळी मीच त्यांना म्हणालो, "आज घरी जाऊ नका, घरं भट्टी होतील. इथेच सावलीत बसा." आमच्याकडे उन्हाळ्यात कडुनिंबाखाली बाज टाकतात, दुसरं काय सुचणार!

आमच्या हेडनं, म्हणजे मुख्य ग्रीनकीपरनं, ते ऐकलं. "त्यांना उठव. वारा पडलाय," एवढंच म्हणाला. मला अर्थ लागेना. दोघांनी मिळून बाक क्लबहाउसच्या भिंतीच्या सावलीत नेला, ओकाखालची वाट दोरी लावून बंद केली. खरं सांगतो, मला राग आला होता. म्हाताऱ्या माणसांची सावली काढून घेतली असं वाटत होतं.

तीनच्या सुमारास मी चौदाव्यावर पाणी मारत होतो. कडाड् असा आवाज झाला. माझ्या कमरेएवढी जाड, हिरव्यागार पानांची आडवी फांदी सरळ खाली आली. बाकीच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. हातातली नळी सुटली.

ओक आणि बीच या जातींच्या जुन्या झाडांच्या लांब फांद्या कडक उन्हाच्या निवांत दुपारी अशा अचानक गळतात, हे हेडनं मग समजावलं. त्याच दिवशी आमच्याच परगण्यात, कॉनिंग्सबीला, 40.3 अंशांची नोंद झाली, ब्रिटनमधला उच्चांक. नागपूरला एवढं ऊन एप्रिलातच पडतं. ते ऊन मला ठाऊक होतं, ही झाडं नव्हती.

संध्याकाळी आजोबांकडे गेलो. बोलता येईना. एकानं थर्मासमधला चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी फांदी कापून हलवली. खाली बाकाच्या चार पायांचे खळगे तसेच होते. झाड पाडायचं का, अशी चर्चा निघाली तेव्हा मी हात वर करून नको म्हणालो. ओक अजून उभा आहे. बाक भिंतीपाशीच राहिला.