कॅलिफोर्नियात लायसन सस्पेंड होतं म्हणजे नक्की काय होतं

इकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, नवीन आलेली मराठी मुलं घर, बँक, फोन, सगळं नीट विचारून घेतात, पण लायसन एकदा हातात पडलं की ते जाऊही शकतं हा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि इथे लायसन गेलं की ऑफिस, किराणा, मुलांची शाळा सगळंच अडतं, खाली उतरून रिक्षाला हात केला असं इथे होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की डीएमव्ही म्हणजे इथलं आरटीओ आणि कोर्ट यांचा कारभार वेगवेगळा चालतो. कोर्ट दंड करतं, शिक्षा देतं, पण लायसन डीएमव्ही स्वतःच्या अधिकारात काढून घेऊ शकते, कोर्टाची तारीख लागायच्या आधीसुद्धा. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर पोलीस लायसनचं कार्ड तिथेच काढून घेतो आणि हातात एक गुलाबी कागद देतो. तो कागद ३० दिवस लायसन म्हणून चालतो, पण त्याच्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सुनावणी हवी असेल तर १० दिवसांत मागा. लोक रात्रभराच्या प्रकाराने इतके हादरलेले असतात की कागद घडी करून खिशात जातो, वकील शोधण्यात आठवडा जातो आणि १० दिवस संपतात. पहिल्याच वेळी पकडलं गेलं तर साधारण ४ महिने सस्पेन्शन, आणि अटक झाल्यावर श्वासाची किंवा रक्ताची टेस्ट द्यायलाच नकार दिला तर १ वर्ष. आपल्याकडे भारतात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, इथे ८० ची, त्यामुळे काही जणांना वाटतं इथे सैल आहे. अजिबात नाही. २१ च्या आतल्या मुलांना तर ०.०१ टक्का, म्हणजे याच मापात १० मिलिग्रॅम, सुद्धा महागात पडतं.

व्हिसावर असलेल्यांनी पुढचं नीट वाचा. डीयूआयमध्ये, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी, अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, २०१५ पासून तसं धोरणच आहे. इथलं राहणं लगेच संपत नाही, पण घरी लग्नाला गेलात की परत येताना मुंबईत नव्याने व्हिसा घ्या, मेडिकल करा, आणि तोवर नोकरी टांगणीला. एच-वन-बीवाल्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, आणि मला खरंच याची फार काळजी वाटते.

दारूचा संबंध नसतानाही लायसन जातं. साध्या स्पीडिंगला, सिग्नल तोडला तर १ पॉइंट, मोठ्या गुन्ह्याला २. बारा महिन्यांत ४, चोवीस महिन्यांत ६ किंवा छत्तीस महिन्यांत ८ झाले की डीएमव्ही तुम्हाला बेफिकीर चालक ठरवते आणि लायसन सस्पेंड करू शकते. अठरा महिन्यांतून एकदा ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचा कोर्स, करून साधा १ पॉइंट झाकता येतो, तिकीट लागलं आणि तुम्ही पात्र असाल तर ते कराच.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाची गाडी पार्किंग लॉटमध्ये दुसऱ्या गाडीला घासली. दोघांनी इन्शुरन्स दिला घेतला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. पण नुकसान १००० डॉलरच्या वर असेल किंवा कोणाला लागलं असेल तर चूक कोणाचीही असो, १० दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ नावाचा फॉर्म द्यावा लागतो. तो गेला नाही. मध्ये त्याने सनीव्हेलहून फ्रीमाँटला घर बदललं, पत्ता कळवायचीही मुदत १० दिवसांचीच, तेही राहिलं, आणि सस्पेन्शनचं पत्र जुन्या घरी जाऊन पडलं. काही महिन्यांनी मागचा लाईट बंद म्हणून पोलिसाने थांबवलं, नंबर टाकला आणि म्हणाला तुझं लायसन सस्पेंड आहे. ऑफिसची बॅग आणि मागच्या सीटवरचा कारसीट हातात घेऊन हा फुटपाथवर उभा आणि समोरून टो ट्रक गाडी उचलून घेऊन गेला. अशी गाडी ३० दिवस अडकवून ठेवता येते, वर रोजचं भाडं.

आता सस्पेंड आणि रिव्होक. सस्पेन्शनची मुदत संपली, फी भरली, लागत असेल तर इन्शुरन्स कंपनीकडून एसआर-२२, म्हणजे तुमचा इन्शुरन्स चालू असल्याचा दाखला, दाखल केला की लायसन परत मिळतं, मात्र हे सगळं तुम्ही करायचं, तारीख उलटली म्हणून आपोआप काही सुरू होत नाही. रिव्होक झालं तर ते लायसन संपलं, ठरलेली वर्षं गेल्यावर परत अर्ज आणि परत टेस्ट. एसआर-२२ बहुतेक वेळा ३ वर्षं चालू ठेवावा लागतो आणि मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीच डीएमव्हीला कळवते.

एक चांगला बदल म्हणजे २०१७ पासून निव्वळ दंड भरायला पैसे नाहीत म्हणून कॅलिफोर्नियात लायसन जात नाही. गरीब माणसाची नोकरी त्यापायी जायची, ते थांबलं हे योग्यच झालं.

आणि आपलं लायसन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते डीएमव्हीच्या साइटवर २ डॉलर भरून घरबसल्या बघता येतं. घर बदललं असेल तर आज रात्रीच बघा, आणि पत्ता बदलताना डीएमव्ही आणि इमिग्रेशन दोन्हीकडे वेगवेगळा कळवा, एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळत नाही.