एकदाही न जिंकलेला स्टॉकटनच का?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच बघायला बसलो की हाफटाइमला कुणीतरी विचारतंच, “भावा, बास्केटबॉलमधले जॉर्डन, मॅजिक, करी सोडून तुझा तो आखूड चड्डीवाला स्टॉकटनच का? एक चॅम्पियनशिप नाही त्याच्याकडं!” तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

१५,८०६ असिस्ट (ज्यावर बास्केट झाला असे पास) आणि ३,२६५ स्टील (हिसकावलेले चेंडू) हे तुम्हाला पाठ आहे. मी सांगतो ते वेगळंच: अमेरिकेच्या NBA लीगमधल्या युटा जॅझ संघाकडून १९ सीझन खेळला आणि चुकलेल्या मॅच फक्त २२. आमच्या कोर्टवरची पोरं घोटा मुरगळला की महिनाभर तोंड दाखवत नाहीत.

पण तुम्हाला बोलायचं असतं १४ जून १९९८ बद्दल. बोलू या. NBA फायनलची सहावी मॅच, शिकागोविरुद्ध, सॉल्ट लेक सिटी. आपल्याकडं सोमवारची सकाळ. ४२ सेकंद उरलेली असताना स्टॉकटननं तीनचा शॉट घातला, ८६-८३. मी असा ओरडलो की शेजारच्या काकी दारात आल्या. मग शिकागोच्या जॉर्डनचा लेअप, म्हणजे रिंगजवळून बास्केट, ८६-८५. मग रिंगजवळ, पोस्टमध्ये, जॅझच्याच मेलोनकडं चेंडू, आणि त्यात काही चूक नव्हती, तेरा सीझन तेच करत स्टॉकटन-मेलोन दोघं तिथवर आले होते. जॉर्डन मागून आला आणि त्याच्या हातातला चेंडू उडवून घेऊन गेला. पुढं त्याला अडवणाऱ्या जॅझच्या रसेलच्या कमरेला हात, शॉट, शिकागो ८७-८६. राहिले ५.२ सेकंद. तो धक्का होता, यावर मी आजही भांडेन. आणि दुसऱ्या क्वार्टरमधला जॅझच्या आइझलीचा तीनचा बास्केट? चेंडू वेळेत सुटला होता, रेफरीनं दिला नाही. रिप्ले बघायची सोय तेव्हा नव्हती. मॅच गेली एका पॉइंटनं!

तरीही शेवटचा शॉट स्टॉकटनच्याच हातात होता, हे मी सहसा सांगत नाही. गेला नाही. आदल्या वर्षी ह्यूस्टनमध्ये बझरला याच माणसानं तीनचा घालून जॅझला पहिल्यांदा फायनलला नेलं होतं. १९९८ च्या हरण्याला कॉलेजातला मी म्हणायचो, नशीब, दुसरं काय! पण १९९७ लाही शिकागोच जिंकलं, दोन्ही वेळा ४-२. दोनदा नशीब म्हणायला आता जीभ रेटत नाही. कमी पडला म्हणायलाही रेटत नाही.

मेलोन स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहून, रिंगकडं वळायच्या आत स्टॉकटनच्या हातातून चेंडू सुटलेला असायचा. ना उडी, ना दिखावा, साधा बाउन्स पास. मेलोनला तो घ्यायला पाऊलही आवरावं लागायचं नाही. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या गावात हे कुणाला सांगू?

जॉर्डनचं नाव काढलंत तर तो पॉइंट गार्डच, म्हणजे पास देऊन खेळ जुळवणारा, नव्हता म्हणून मी सुटतो. मॅजिकला मात्र उत्तर नाही. पॉइंट गार्डच, आणि पाच चॅम्पियनशिप. तो सहा फूट नऊ होता, स्टॉकटन सहा फूट एक, असं मी म्हणतो. मग तुम्ही हसता, आणि तेवढ्यात सेकंड हाफ सुरू होतो म्हणून बरं.