दातांचा थ्रीडी स्कॅन: आधी डायकॉम फाइल मागा

डॉक्टरांनी सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन, करायला सांगितलं असेल तर सेंटरवर पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: "डायकॉम फाइल (कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारी स्कॅनची मूळ फाइल) मिळेल ना?" बाकीच्या चौकशा नंतर. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमचे सगळे हेलपाटे या एका फाइलपायी झाले आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आईची खालची उजवी दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली. त्या बाजूने भाकरी चावता येत नाही, म्हणून इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात, करायचं ठरलं. बार्शीतल्या आमच्या डॉक्टरांनी ओपीजी (अख्ख्या जबड्याचा साधा एक्स-रे) काढला होता, पण तेवढ्यावर भागणार नाही म्हणाले. ओपीजीत अख्खा जबडा सपाट उलगडून दिसतो. हाडाच्या उंचीचा अंदाज येतो, तोही खऱ्यापेक्षा मोठा, आणि जाडी तर कळतच नाही. खालच्या दाढांच्या मुळांखाली हाडातूनच एक नर्व्ह जाते. तिला इजा झाली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कधी कायमची. म्हणून सीबीसीटी. यंत्र त्यांच्याकडे नाही, त्यामुळे सोलापूर.

स्कॅन छान झाला. कुड्या, मंगळसूत्र, चष्मा, केसातल्या पिना काढून ठेवायला लावल्या. हनुवटी टेकवायची, प्लॅस्टिकची काडी दातांत धरायची, गिळायचं नाही, हलायचं नाही. डोक्याभोवती यंत्राची एक फेरी, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आई मोकळी. साध्या सीटीत पातळ पंख्यासारखा किरण पुन्हा पुन्हा फिरवून काप घेतात, यात शंकूच्या आकाराचा किरण एकाच फेरीत सगळं टिपतो. म्हणून रेडिएशनही सहसा कमी लागतं. आई उगाच घाबरली होती.

संध्याकाळी हातात मोठं पाकीट मिळालं. आत चकचकीत फिल्म, त्यावर ओळीने छापलेले जबड्याचे काप, आणि एक पानी रिपोर्ट. आम्ही खुशीत बार्शीला आलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली आणि बाजूला ठेवली. "हे ठरावीक अंतरावरचे काप आहेत. मला जिथे स्क्रू बसवायचाय तिथला काप यात नाही. डायकॉम आणा."

इथून जे सुरू झालं ते लिहितानाही संताप येतो.

सेंटरला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फिल्म दिलीय की मॅडम. सगळे डॉक्टर यावरच करतात." मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाली व्हॉट्सअॅपवर पाठवते. आले काय, तर त्याच फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो. पुन्हा फोन. आता टेक्निशियन सुट्टीवर. मग टेक्निशियन आला, पण सर्व्हर बंद. शेवटी मीच एसटीने सोलापूर गाठलं. तिथे पेन ड्राइव्ह पुढे केला तर "बाहेरचा पेन ड्राइव्ह आमच्या मशीनला लावत नाही, व्हायरस येतो." हे मला पटतं, पण मग दुसरा मार्ग द्या ना! मार्ग म्हणून सीडी दिली. आमच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपला सीडीची सोय नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जुना कॉम्प्युटर होता, त्याच्याकडून ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. उघडली, तर यंत्राच्या कंपनीचा स्वतःचा व्ह्यूअर (स्कॅन दाखवणारा प्रोग्राम) आणि त्यालाच कळणारी फाइल. इम्प्लांटच्या सॉफ्टवेअरने तिला हातच लावला नाही.

डायकॉम ही काही कुणाची खास मेहेरबानी नाही. कुठल्याही कंपनीच्या यंत्रावरचा स्कॅन दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता यावा, यासाठीच हे मानक आहे आणि १९९३ पासून याच नावाने जगभर चालू आहे. सीबीसीटी यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल बाहेर काढायची सोय असते. काउंटरवर ही गोष्ट कुणालाच माहीत नसावी?

आणि कळस म्हणजे, तिथल्या एकाने सुचवलं, "एवढी घाई असेल तर दुसरीकडे परत स्कॅन करून घ्या ना." आईच्या जबड्याचा पूर्ण स्कॅन यांच्याच कॉम्प्युटरमध्ये पडलेला असताना तिला पुन्हा एक्स-रेसमोर उभं करायचं, तेही दुसऱ्यांदा पैसे मोजून! एका सीबीसीटीचं रेडिएशन फार नसतं हे मलाही ठाऊक आहे. स्कॅनचा भाग किती मोठा घेतला यावर ते दहा-वीसपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत (हे रेडिएशन मोजायचं एकक) असतं, आणि निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतं. पण कुणाच्या तरी आळसापायी त्यातलं एकही जास्तीचं का घ्यायचं?

त्या दिवशी मी तिथेच बसून अर्ज लिहिला. सेंटर एका रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांच्या नावावर होतं, म्हणून डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम नमूद केले. पेशंटने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं त्यात स्पष्ट आहे. पोच म्हणून प्रतीवर सही-शिक्का मागितला. शिक्का शोधता शोधता अर्ज आत गेला. तेवढ्यात मी आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि दोघे डॉक्टर थेट बोलले. पुढे चहा पिऊन होईपर्यंत टेक्निशियनने फाइल काढली, झिप केली आणि लिंक पाठवली. काही शे एमबीची होती, त्यामुळे मोबाइलच्या नेटवर उतरवायला वेळ लागला, एवढंच. मला आनंद झाला आणि रागही तितकाच आला. इतकं सोपं होतं तर!

त्या फाइलमुळे काय फरक पडला ते डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी नर्व्हचा मार्ग लाल रेघेने आखला आणि माउसने एकेक काप पुढे सरकवत नेला. दाढेच्या जागी हाडाची उंची भरपूर होती, पण जिभेच्या बाजूने हाड खाली गेल्यावर एकदम आत वळलेलं, तिथे खोलगट जागा. ओपीजीत याचा मागमूसही नव्हता. सरळ खाली ड्रिल केलं असतं तर ते जिभेच्या बाजूने हाडाबाहेर निघालं असतं. म्हणून स्क्रू थोडा आखूड घेतला, थोडा तिरका ठेवला आणि नर्व्हच्या वर २ मिमी जागा राखली. शेजारच्या दातावरच्या कॅपमुळे चित्रात पांढरे पट्टे आले होते, पण नेमक्या जागेवर नव्हते हे नशीब.

इम्प्लांट बसलं, टाकेही निघाले. हाडाने स्क्रू घट्ट धरला की वर कॅप बसेल.

आता आठवतंय तसं सांगते. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून दाढेचा नंबर आणि किती भागाचा स्कॅन हवा ते लिहून घ्या, नाहीतर गरज नसताना दोन्ही जबडे घेतात किंवा नको तो छोटा तुकडा. काढता येणारी कवळी असेल तर ती ठेवायची की काढायची हे डॉक्टरांनाच विचारा, सेंटरवर अंदाजाने सांगतात. गरोदर असाल तर आधी सांगा. यंत्राला एईआरबीची (एक्स-रे यंत्रांना परवानगी देणारं सरकारी अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी आहे का हे विचारायला लाजू नका. जुन्या कॅप कुठे आहेत तेही सांगून ठेवा. आणि सेंटरच्या दारातून बाहेर पडण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडून दाखवायला लावा. फोल्डरमध्ये शेकडो छोट्या फाइल्स किंवा एकच मोठी फाइल असेल, आणि नावाच्या शेवटी बहुतेक वेळा डीसीएम (.dcm) ही अक्षरं असतात. फक्त फोटो दिसले तर पावती हातात ठेवून तिथेच बसा.