ज्वारीचं पीठ, पण कुठे दळलेलं? : आमची वाटचाल

ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणजे ज्वारीचं पीठ सीलिअ‍ॅकच्या, म्हणजे ग्लूटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराच्या, माणसाला बिनघोर चालणार, असं धरून आम्ही धंद्याला सुरुवात केली. मराठवाड्यात शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, काय तोटा! तो घ्यायचा, दळायचा आणि प्रवासाला निघणाऱ्यांना लहान पिशव्यांत द्यायचा, एवढाच बेत होता. ग्लूटेन हे प्रथिन गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. ज्वारीत ते शेजारून येतं, हे आम्हाला पहिल्याच हंगामात कळलं.

हिशोब साधा आहे. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा आणि त्यात सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे 4 मिलिग्रॅम ग्लूटेन. 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. किलोभर शाळूत तीसेक हजार दाणे भरतात. त्यांत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठलीच.

हे पाच दाणे येतात कुठून? शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे, काढणीही मागेपुढेच. एकच मळणीयंत्र या रानातून त्या रानात फिरतं. अडतीवर चाळणी तीच आणि बारदानही गव्हाचंच, झटकून वापरलेलं. म्हणून आता आम्ही शेतकऱ्यांना मळणीयंत्रावर आधी हरभरा किंवा करडई काढून मग ज्वारी घालायला सांगतो आणि पोती कोरी देतो. त्यावर परातीत हातानं निवडणं आलंच. गव्हाचा दाणा लांबट, पोटाला चीर असलेला. शाळू गोल, मोतिया. नजर बसली की चटकन वेगळा दिसतो.

गिरणीचा प्रश्न याहून अवघड निघाला. गावच्या गिरणीत गहू दळून झाल्यावर आधी तांदूळ काढून पाहिले, तरी ग्लूटेन तपासायच्या पट्टीवर रेघ उमटायची. पीठ दगडांच्या खाचांत, कापडी नळीत, झाकणाखाली बसलेलं असतं आणि हवेतलं तर तासन्‌तास खाली बसत नाही. शेवटी स्वतःची गिरणी बसवली. तिच्यात ज्वारी, तांदूळ, भगर आणि राजगिऱ्याशिवाय काही पडत नाही. पोळीचा डबा घेऊन कुणी त्या खोलीत जात नाही. ग्लूटेन पिठात सारखं पसरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक घाण्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन नमुने तपासतो.

धपाट्यांचं तयार पीठ काढताना घरोघरी घालतात ते गव्हाचं पीठ वगळलं, तरी पट्टी रेघ दाखवत राहिली. कारण होतं हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो, तो डिंक आणि पिठात मिसळलेला असतो. ते पीठ कधी तांदळाचं, कधी गव्हाचं. डबीमागचे घटक वाचल्याशिवाय हिंग घेऊ नये. प्रवासात वरणाच्या फोडणीलाही हाच प्रश्न आहे.

खाणावळीत तर 'ज्वारीची भाकरी मिळेल' ही पाटी पुरेशी नाहीच. पीठ कुठल्या गिरणीचं, भाकरी कोणत्या काटवटीत मळतात, थापताना खाली कोणतं पीठ लावतात, तव्यावर पोळ्याही होतात का, हे चार प्रश्न विचारा. लाकडी काटवट कितीही धुतली तरी भेगांत कणीक राहतेच. आमचं मत स्पष्ट आहे : सीलिअ‍ॅक असेल तर ढाब्यावरची भाकरी खाऊ नका. भाकरी आपली न्या आणि तिथून साधा भात, दही, उकडलेली अंडी, कांदा-काकडी घ्या. भाकरी गरम करायची तर चिमट्यात धरून थेट जाळावर, त्यांच्या तव्यावर नाही. भजी बेसनाचीच असतात, पण त्याच कढईत समोसे तळलेले असतात. येसरात (आमटीच्या भाजक्या मसाल्यात) गहू भाजून घातलेला असतो, थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटातही बहुतेकदा असतोच. संभाजीनगरचा नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) मागवताना नान सोडला तरी खलियाला पीठ लावलंय का ते विचारावं. तंदूरमध्ये भाजलेलं काहीही नको, कारण त्याच भिंतींना नान चिकटवलेले असतात. चायनीजमधल्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

विचारताना 'ग्लूटेन' हा शब्द वापरू नका. 'गहू, मैदा, रवा, शेवया, दलिया, जव काहीच चालत नाही, चिमूटभरही नाही' असं सांगा. आमच्या प्रत्येक पिशवीत हेच छापलेलं कार्ड असतं, मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नडमध्ये. हैदराबाद, तिरुपती, कलबुर्गीकडे जाणारे आपले लोक पुष्कळ. तेलुगूत गव्हाला 'गोधुमा', कन्नडमध्ये 'गोधी'. कार्ड गर्दीच्या वेळी दाखवून उपयोग नाही. दुपारी साडेअकराला किंवा संध्याकाळी सातच्या आत गेलात तर आचारी ऐकून घेतो.

परगावी किराणा घेताना हिरवा ठिपका पाहून फसू नका, तो फक्त शाकाहाराचा. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते, त्यात गहू किंवा जव आहे का ते पाहा. 'मल्टीग्रेन'मध्ये बहुधा गहू असतो. खपलीही गहूच. 'सातूचं पीठ' आपल्याकडे गहू-डाळ्याचं, उत्तरेत 'सत्तू' बहुधा हरभऱ्याचं. नावावर जाऊ नका. राजगिरा लाडू, साबुदाणा, भगर, मुरमुरे, पोहे कुठेही मिळतात. सुट्या पोत्यातले घेऊ नका, तिथे फावडं सगळ्यांत एकच फिरतं.

विमानात 'जीएफएमएल' (ग्लूटेन नसलेलं) असं जेवण आधी नोंदवावं लागतं. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून हॉटेलनं 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे विचारायला संकोच नको. अमेरिकेत लेबलवर गहू लिहावाच लागतो, पण जवाला ती सक्ती नाही. 'माल्ट' (ते बहुधा जवाचं असतं) दिसलं की पाकीट ठेवून द्या.

बाजरीचं पीठ आम्ही प्रवासाच्या पिशवीत ठेवत नाही, आठवड्यात कडवट होतं. ज्वारीचं टिकतं, पण त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना तडकते. म्हणून पिशवीवर दळल्याची तारीख छापतो. पंधरा दिवस उलटून गेले असतील तर वाटीभर पिठासाठी पाऊण वाटी पाण्याला आधण आणा, पीठ घालून झाकून पाच मिनिटं ठेवा आणि कोमट असतानाच तळहातानं रगडून मळा. विरी परत येत नाही, पण उकडीनं पीठ धरून राहतं आणि भाकरी उलटताना तुटत नाही.