१४ इंचाचं पान, ३५१ मिलिमीटरचं खोड

स्नेअर म्हणजे खालच्या पानाला तारा टेकवलेला ड्रम. पान म्हणजे त्याचा ताणलेला पडदा, खोड म्हणजे लाकडाचा पोकळ गोल. या खोडाचा बाहेरचा व्यास आज ३५१ मिमीवर आणून थांबवला. १४ इंची पानाला साधारणपणे चौदा इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे ३५२.४ मिमीचं खोड लागतं. हे त्याहून दीड मिमी बारीक ठेवलं ते मुद्दाम, कारण सध्या एप्रिल चालू आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात लाकूड खडखडीत वाळतं आणि आषाढ-श्रावणात फुगतं. उभ्या पट्ट्या जोडून केलेल्या खोडात लाकडाच्या रेषा वरून खाली धावतात, म्हणून हा सगळा फुगवटा घेरात जातो, उंचीत जवळजवळ काहीच नाही.

सागाचा हिशेब असा. फळीच्या टोकाकडून पाहावं. वर्षवलयं रुंदीला समांतर, आडवी दिसली तर ओलाव्याच्या दर एका टक्क्याला ती फळी रुंदीत सुमारे ०.१९ टक्के हलते. वलयं उभी असतील तर फक्त ०.१० टक्के. पावसाळ्यात लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर आडव्या वलयांचं खोड व्यासात २.६ मिमी वाढेल, उभ्या वलयांचं १.४ मिमी. पहिलं ३५१ वरून ३५३.६ वर जाऊन पानाच्या कडीत आवळून बसेल, आणि पान फिरेनासं झालं की सूर लागतच नाही. दुसरं बरोबर ३५२.४ वर येऊन थांबेल. म्हणून फळ्या निवडताना रंगापेक्षा टोकं बघावीत. पॉलिशने ओलावा आत जायला वेळ लागतो, पण तो थांबत नाही.

लाकूड जुन्या वाड्याचं असेल तर उत्तम. जुन्या नाशकातले वाडे उतरवले जातात तेव्हा सागाच्या तुळया, चौकटी निघतात. कित्येक वर्षं वाळलेलं असं लाकूड नव्या वखारीत सहसा मिळत नाही. मात्र प्रत्येक तुकड्यावरून आधी लोहचुंबक फिरवायचा. आत मोडलेला एक खिळा रंध्याचं पातं खराब करतो, करवतीवर असेल तर हाताला इजा.

पट्ट्या २०. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, जोड २०, म्हणून प्रत्येक कडेला ९ अंशांचा उतार. पट्टीची बाहेरची रुंदी ५६.४ मिमी, जाडी २०, लांबी १५०. एकेक तुकडा वेगळा न कापता सव्वा मीटरच्या तीन लांब पट्ट्यांना आधी उतार काढून घ्यायचा, मग आडवे तुकडे पाडायचे. प्रत्येकीतून सात निघतात, एक जादा उरतो. कोनात दर कडेला दशांश अंशाचीच चूक झाली तरी कडा ४० आहेत, शेवटच्या जोडाला चार अंशांची फट पडते. ही फट क्लॅम्पने दाबून बुजवणं म्हणजे खोडात कायमचा ताण कोंडून ठेवणं. पुढे कधी तरी एक जोड तडकतोच.

त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे दहा-दहाचे दोन अर्धगोल. पट्ट्या बाहेरची बाजू वर करून शेजारी मांडायच्या, आडव्या चिकटपट्ट्या ताणून लावायच्या, उलटवायचं आणि खाचांत गोंद भरून गुंडाळायचं. साग तेलकट असतो, म्हणून कडा थिनरने पुसून लगेच फेविकॉल मरीन हा गोंद लावायचा. उशीर केला तर तेल परत वर येतं आणि गोंद नुसता पृष्ठभागावर बसतो. पूर्ण गोल एकदमच बांधायचा, पण समोरासमोरच्या दोन जोडांत गोंदाऐवजी मेणकागद घालायचा. बाहेरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे सुटे करून त्यांची टोकं कडप्प्यावर चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायची. दोन्ही टोकं एका पातळीत आली, की कोनातली सगळी चूक तिथेच संपते. मग शेवटचे दोन जोड.

गोलाई बाहेरून रंध्याने. २० कोन छाटले की ४० बाजू होतात, ते छाटले की ८०, पुढे पॉलिश पेपरचा पट्टा. आतून गोल पटाशी आणि खरवडणी. भिंत ११ मिमी ठेवली. अर्धा मिमी इकडेतिकडे चालतो.

खरा आवाज कडेत असतो. दोन्ही कडा आधी कडप्प्यावर पूर्ण सपाट करायच्या, खोली अंधारी करून आत बल्ब ठेवायचा आणि उजेड कुठे निसटतो ते पाहायचं. मग आतून ४५ अंशांचा उतार, बाहेरून अगदी थोडी गोलाई, आणि धार बाहेरच्या पृष्ठभागापासून दीड-दोन मिमी आत. धारेवर बोट फिरवताना एखादा बारीक खड्डा जाणवला, तर त्या जागी पान कधीच नीट लागत नाही, कितीही आवळा.

खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खाचा लागतात, तारा तिथून बाहेर जातात. २० तारांचा पट्टा सुमारे ४० मिमी रुंद असतो. खाच ९० मिमी रुंद, मध्ये पावणेदोन मिमी खोल, दोन्ही बाजूंना हळूहळू शून्यावर. खाच नसली तर तारा कडेवरून उचलल्या जातात आणि पानाला मधे नीट टेकत नाहीत, हळू वाजवल्यावर बोलत नाहीत. जास्त खोल गेली तर खालच्या पानाला सुरकुती पडते आणि तारा सारख्या घरघरतात. अर्धगोल कानशीने दोन-दोन घास मारून पट्टी ठेवून बघत जायचं. लाकूड परत येत नाही.

लग, म्हणजे पान ताणणारे रॉड ज्यांत आवळतात ते खोडावरचे तुकडे, आठच. घेराइतकी कागदाची पट्टी तीनदा दुमडली की आठ समान भाग आपोआप मिळतात, १३७.८ मिमीवर एक. तारा ताणायचा-सोडायचा खटका आणि त्यांचं दुसरं टोक धरणारा समोरचा अडकवा दोन लगांच्या बरोबर मध्ये, त्यांच्यापासून पाव फेरीवर १० मिमीचं हवेचं भोक. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर पितळेचे लग सुंदर होतात, पण आटे सांगताना सावध राहावं. ड्रमचा रॉड ५.५ मिमीचा, इंचाला २४ आट्यांचा असतो. कारागिराने सवयीने ६ मिमीचा टॅप मारला, तर रॉड सैल बसतो आणि ताण आला की आटे झिजतात. टॅप आपणच नेऊन द्यावा.

मिरवणुकीत ढोलांच्या गर्दीत ताशाची जागा हे लाकडी खोड घेणार नाही, त्याची अपेक्षाही नाही. साग बंद खोलीत, मध्यम ताणावर, उबदार आणि कोरडा बोलतो.

उद्या चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) दुसरा हात. धारेवर चपडी नाही, फक्त मेण, म्हणजे पान ताणताना सरकतं. आधी खालचं पातळ पान, रॉड समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा, प्रत्येक लगाजवळ काडीने टोकून सूर जुळेपर्यंत. तारा त्यानंतरच.