तरंगंबाडीतले दोन दिवस

शनिवार, सकाळ

पहाटे साडेपाचला आईला उठवलं आणि दोघी किनाऱ्यावर आलो. आमचा जन्म हर्णैच्या समुद्राकाठी गेला, सूर्य पाण्यात बुडताना बघायची डोळ्यांना सवय. इथे तो पाण्यातून वर आला. आई चपला हातात घेऊन उभी होती. हात जोडले आणि म्हणाली, "अगं, हा समुद्र उलटा आहे." मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. बाबा गेल्यापासून ती अशी निवांत उभी राहिलेली मी आज पहिल्यांदा पाहिली.

काल तंजावरहून मयिलाडुतुरैला रेल्वेने आणि पुढे बसने आलो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची तरंगंबाडी म्हणजे गाणाऱ्या लाटांचं गाव. डेन्मार्कच्या लोकांना हे नाव उच्चारता येईना, त्यांनी ते त्रांकेबार केलं. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना इथे व्यापाराची परवानगी दिली आणि ओवे गेडे या त्यांच्या दर्यासारंगाने किल्ला बांधायला घेतला. तो डान्सबोर्ग आमच्या मुक्कामापासून दहा पावलांवर आहे. सुवर्णदुर्ग पाहत वाढलेल्या मला आधी तो किल्ला वाटेचना. फिकट रंगाचा, बसका, समुद्राकडे तोंड केलेला जुना वाडाच जणू. खाली कोठारं आणि कोठड्या, वर राहण्याच्या खोल्या. वरच्या सज्जात वारा इतका छान लागतो, की आई तिथेच भिंतीला टेकून बसली.

शनिवार, रात्र

दुपारभर झोपलो. उन्हं उतरल्यावर राजाच्या नावाच्या रस्त्याने, किंग स्ट्रीटने, रमतगमत फिरलो. त्याच्या टोकाला १७९२ ची पांढरी वेस आहे. गाडी क्वचितच येते. जाड खांबांचे व्हरांडे, बोगनवेल, दारात सायकली.

न्यू जेरुसलेम चर्च १७१८ चं. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला जर्मन धर्मोपदेशक बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग तिथे पुरलेला आहे. तो ९ जुलै १७०६ ला या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. गावातल्या पोरांच्या शाळेत जाऊन बसला आणि त्यांच्यासारखाच वाळूत बोटाने अक्षरं गिरवत शिकला. हे सांगितल्यावर आई एकदम म्हणाली, "म्हणजे आमच्या अण्णांसारखी धुळाक्षरं!" आजोबा धूळपाटीवर शिकले होते. पुढे इथल्या छापखान्यात झिगेनबाल्गने तमिळ नवा करार छापला, १७१५ साली. ज्याने परक्या भाषेपुढे असं मांडी घालून बसायचं ठरवलं, त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याचा धर्म माझा नाही, पण ती मांडी मला आपली वाटते.

आणखी एक धागा मला इथे यायच्या आधी ठाऊक नव्हता. परवा तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख वाचताना माझा गळा दाटून आला होता. तो कोरून घेणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू, जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ, १७५० साली याच तरंगंबाडीत आले होते. सरस्वती महालातली पुस्तकं जमवणाऱ्या राजाला पुस्तकांची गोडी लावणारा माणूस आधी या वाळूवरून चालला असेल. तंजावरहून निघताना वाटलं होतं, आपलं सगळं आता मागे राहिलं.

रविवार

आज पुन्हा किनारा. मासिलामणिनाथाचं देऊळ १३०६ सालचं, पांड्यांच्या काळातलं. पुढचा बराचसा भाग समुद्राने नेला. उरलेलं वाचवायला पुढ्यात मोठमोठे दगड टाकलेत. २००४ च्या त्सुनामीने या गावातली माणसंही नेली. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याजवळ आई जाऊन बसली. तिला तमिळ येत नाही, त्याला मराठी. तिने बोट दाखवून माशाचं नाव विचारलं, त्याने सांगितलं, तिने आपलं सांगितलं. दोघं असे कितीतरी मासे बोलले.

डेनिश लोकांनी १८४५ मध्ये हे गाव इंग्रजांना विकलं. रेल्वेचा फाटा मयिलाडुतुरैहून इथपर्यंत येत असे, तोही बंद झाला. मोठं बंदर व्हायचं राहून गेलं म्हणूनच बहुधा इथे लाटांचा आवाज अजून ऐकू येतो.

उद्या सकाळच्या बसने निघायचं होतं. आत्ता आई म्हणाली, "परवा निघू या का गं? त्या मामांनी उद्या पहाटे होडी येताना बघायला बोलावलंय." कोणत्या भाषेत बोलावलं, मी विचारलं नाही. खाली जाऊन खोली एक दिवस वाढवून आले.