कंबर, बादली आणि मेन स्टँड

कंबर दुखू लागली की माणूस आधी गादी बदलतो, मग पट्टा आणतो, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून तेल आणतो, आणि हे सगळे करून झाल्यावर, बहुधा नाइलाज म्हणून, चालायला लागतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे मत आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचा बराचसा वेळ टेबलाशी मान खाली घालून जातो, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तर कोणाचीच कंबर दुखत नाही असे घर शोधावे लागेल. मी डॉक्टर नाही. परंतु या विषयावर विश्वासार्ह असे जे मिळत गेले ते वाचत आले आहे, आणि त्यातले मोरीत, ओट्याशी व गाडीवर उपयोगी पडणारे तेवढे येथे मांडत आहे.

सुरुवात चकत्यांपासून करावी लागते. मणक्यांच्या मध्ये एकंदर २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीत मधोमध मऊ, पाणीदार गर आणि त्याभोवती चिवट तंतूंची वलये अशी रचना असते. प्रौढ वयात या चकतीच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण आजूबाजूच्या हाडांतून आणि ऊतींतून झिरपत येते. दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने तिच्यातले पाणी स्पंजासारखे हळूहळू पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा भरते. म्हणूनच संध्याकाळी आपली उंची सकाळच्या मानाने सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक कमी झालेली असते, आणि ही घट मोठ्या प्रमाणात उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, पहाटे उठल्यावर चकत्या पाण्याने टम्म भरलेल्या असतात आणि त्या वेळी कंबरेतून पुढे वाकले तर त्यांच्यावर व आजूबाजूच्या स्नायुबंधांवर दिवसातल्या इतर कोणत्याही वेळेपेक्षा अधिक ताण येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना उठल्यानंतरचे पहिले दोन तास कंबरेतून वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि केवळ तेवढ्याने त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले. आता आपल्या घरातल्या सकाळी आठवून पाहाव्यात. नळाला पाणी येण्याची वेळ हीच, बादल्या भरून उचलण्याची वेळ हीच, केर काढण्याची, मुलाचे बूट घालून देण्याची आणि डोळे उघडताच जमिनीवर बसून पश्चिमोत्तानासन करण्याची वेळही हीच. ज्यांची कंबर ठणठणीत आहे त्यांनी याची फार चिंता करू नये, पण ज्यांना सकाळी पाठ धरल्यासारखी वाटते त्यांनी आधी अर्धा-पाऊण तास घरातल्या घरात चालावे, चहा उभ्याने घ्यावा आणि सूर्यनमस्कार त्यानंतरच घालावेत.

बादलीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. १५ लिटर पाण्याने भरलेली, म्हणजे १५ किलोची बादली आपण मोरीच्या कठड्यापलीकडून, अंगापासून ४० सेंटीमीटर अंतरावर धरून उचलली, तर ती तोलण्यासाठी या स्नायूंना आठपट, म्हणजे १२० किलोंच्या वजनाइतके बळ लावावे लागते, आणि यात आपल्या स्वतःच्या धडाचे वजन अजून धरलेलेच नाही. तीच बादली २० सेंटीमीटरवर आणली की आकडा निम्म्यावर येतो. त्यामुळे वजन किती आहे यापेक्षा ते अंगापासून किती लांब धरले आहे, हे आधी पाहावे. मोरीत पाऊल आत टाकून बादलीच्या जवळ जावे, गुडघे थोडे वाकवावेत, कंबरेत गोल न होता खुब्यातून वाकावे आणि उचलताना वळू नये. वळायचे असेल तर पावले टाकून वळावे. खुब्यातून वाकणे म्हणजे काय हे कळत नसेल, तर झाडूची दांडी पाठीवर उभी धरावी. डोके, खांद्यांमधला भाग आणि माकडहाड या तिन्ही जागा दांडीला टेकलेल्या ठेवून वाकता आले की ते जमले. सिलिंडरच्या बाबतीत तर उचलण्याचा विचारच करू नये. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असला तरी टाकीसकट ते वजन ३० किलोंच्या आसपास जाते. ते तिरके करून बुडाच्या कडेवर फिरवत नेण्याची जुनीच पद्धत उत्तम आहे.

ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना कंबर भरून येते, ती बहुतेक वेळा ओटा उंचीला जमत नसल्यामुळे आणि दोन्ही पाय तासभर एकाच जागी रोवल्यामुळे. ओटा फोडून नवा बांधणे प्रत्येकाला शक्य नाही. पण पायाशी एखादा पाट ठेवून एक पाऊल त्यावर ठेवावे व थोड्या वेळाने पाय बदलावा, एवढ्याने कंबरेचा बाक सैलावतो. ओटा बुटका असेल तर पोळपाटाखाली जाड लाकडी फळी घालावी. उंच सुनेने सासूबाईंच्या उंचीला बांधलेल्या ओट्यावर वर्षानुवर्षे वाकून काम करावे, हा प्रकार पेठेतल्या जुन्या घरांत मी पुष्कळ पाहिला आहे. त्यावर मलम चोळण्यापेक्षा ही फळी स्वस्त पडते.

घरातल्या लादीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण स्वतःच्या कंबरेसाठी महागडी खुर्ची आणतो आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात फडके देतो. लांब दांड्याचा मॉप आणल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, कोपऱ्यात हे नीट जात नाही, मला बाई खाली बसूनच बरं वाटतं." बसून, उकिडवे सरकत पुसण्यात कंबरेला तितका त्रास नसतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, त्रास होतो तो पाय सरळ ठेवून कंबरेतून वाकून पुसताना. अखेर मोकळी जागा मॉपने आणि कोपरे बसून, अशी वाटणी झाली.

बसण्याविषयी इतके लिहिले गेले आहे की ताठ न बसणे हे जणू पापच ठरले आहे. अल्फ नॅकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यतज्ज्ञांनी १९६०च्या दशकापासून चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला, आणि बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त असतो असे त्यांना आढळले. पुढे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन मोजणीत हा फरक तेवढा दिसला नाही. किंबहुना खुर्चीत सैल रेलून बसल्यावर दाब कमीच भरला. त्यामुळे एकच आदर्श बैठक शोधण्यापेक्षा बैठक बदलत राहणे श्रेयस्कर. हिंजवडीला जाणारे तरुण तासभर बसमध्ये, मग आठ-नऊ तास खुर्चीत आणि परत तासभर बसमध्ये बसतात. त्यांना मी एवढेच सांगते की फोन आला की उभे राहावे, पाण्याची बाटली लहान ठेवावी म्हणजे उठावे लागते, आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या पातळीला आणून कीबोर्ड वेगळा लावावा. मी स्वतः मुद्रिते उतरत्या लेखनफळीवर ठेवते. त्याने मानेला जो आराम पडतो तो कोणत्याही उशीने पडत नाही. जमिनीवर मांडी घालून बसणेही चांगलेच आहे, फक्त त्यातही तासन्‌तास अडकून राहू नये.

पुण्यात राहून दुचाकीविषयी बोललो नाही तर लेख अपुरा राहील. सतत बसणारे धक्के व कंप हे कंबरदुखीचे मान्य झालेले कारण आहे, आणि आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या नियमाने घातले जातात हे मला आजवर कळलेले नाही. गतिरोधकावर वेग अगदी कमी करावा, टायरमधली हवा ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त भरून घेऊ नये, मागचे शॉकअप बसलेले असतील तर ते वेळीच बदलावेत आणि लॅपटॉपची बॅग पाठीवर न घेता स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत ठेवावी. मेन स्टँड मात्र निष्कारण अनेकांच्या कमरेत उसण भरवतो, कारण लोक शंभर किलोंच्या पुढची गाडी हातांनी मागे ओढून वर चढवू पाहतात. गाडी सरळ उभी करावी, स्टँडची पट्टी पायाने खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करावी, आणि मग त्या पट्टीवर शरीराचा सगळा भार टाकत उभे राहावे. गाडी आपोआप वर चढते आणि हाताला फक्त ती सांभाळायची असते. जागा असेल तर सरळ साइड स्टँड लावावा.

एवढी काळजी घेऊनही उसण भरतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यातल्या सुमारे ९० टक्के दुखण्यांमागे हाड मोडणे, जंतुसंसर्ग किंवा गाठ यांसारखे ठरावीक कारण नसते. अशा वेळी आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता कालबाह्य झाला आहे. १९९५ साली फिनलंडमध्ये झालेल्या एका तुलनेत, झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. पहिला दिवस-दीड दिवस असह्य होत असेल तर पडून राहावे, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, पण मधूनमधून उठून चार पावले टाकावीत. पॅरासिटामॉलने ताज्या कंबरदुखीत गुण येण्याचा वेग वाढत नाही, हे २०१४ सालच्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसून आले. इतर वेदनाशामके पोट आणि मूत्रपिंड यांचा विचार करूनच, डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

मग येतो एमआरआय. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय" हे शब्द कानी पडले की धडधाकट माणूससुद्धा वाकायला घाबरू लागतो, आणि हालचाल बंद झाल्यामुळे कंबर आणखी आखडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती अशा लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के होते. म्हणजे अहवालातले पुष्कळसे शब्द केस पांढरे झाल्याइतकेच वयाचे निदर्शक आहेत. पायात कळ जाणारी सायटिकाही बहुतेकांत काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेवाचून ओसरते.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपाय करत एक दिवसही घालवू नये. लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या व बैठकीच्या भागाला बधिरता येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतरचे दुखणे, आधी कर्करोग झालेला असणे आणि वयस्क बायकांमध्ये किरकोळ धक्क्याने अचानक उठलेली कळ यांचीही तपासणी लगेच व्हायला हवी. हाडे ठिसूळ झाली असतील तर मणका नुसत्या वाकण्यानेही दबतो. आपल्या देशात आणखी एका शक्यतेचे भान ठेवावे लागते, ते म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी, झोपूनही न थांबणारी पाठदुखी असे चित्र असेल तर मालिशवाल्याकडे जाऊ नये. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणारा आणि हालचालीने सुटणारा ताठरपणा असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

आता प्रतिबंधाविषयी. २०१६ सालच्या एका संशोधन-आढाव्याने निरनिराळे उपाय तपासले, तेव्हा व्यायाम आणि माहिती यांची जोड दिल्यास पुन्हा कंबर दुखण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. नुसत्या माहितीने, पट्ट्याने किंवा बुटातल्या तळव्यांनी फरक पडला नाही. म्हणजे हा लेख वाचून काहीच होणार नाही, हे मला मान्य आहे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत नेण्यात आले. त्यांची कंबर पुन्हा दुखेपर्यंतचा मध्यम काळ २०८ दिवस भरला, तर न चालणाऱ्यांचा ११२ दिवस. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी अशा जागा असलेल्या शहरात याहून स्वस्त उपचार कोणता? गुडघे कुरकुरत असतील त्यांनी चढ सोडून सपाटीवर चालावे.

चालण्याला जोड म्हणून कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण त्यांना सतरंजीपलीकडे काही लागत नाही. उताणे पडून, एक गुडघा वाकवून, हात कंबरेच्या पोकळीखाली ठेवून डोके व खांदे किंचित उचलणे. कुशीवर वळून कोपर व गुडघ्यांच्या आधाराने कंबर वर उचलून धरणे. आणि रांगण्याच्या स्थितीत उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय सरळ ताणणे. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद पुरेत. योगासनांचाही उपयोग होतो, मात्र शिक्षक पारखून घ्यावा. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली शिवाजीनगर भागात स्थापन केलेल्या संस्थेतून पट्टे, विटा, खुर्च्या आणि दोर यांचा आधार घेऊन आसने करण्याची पद्धत जगभर गेली. पाठ दुखणाऱ्यांनी आसनाला स्वतःच्या शरीराच्या मर्यादेत आणावे, हा त्या पद्धतीतला विचार मला फार पटतो.

राहिली गादी. कठीण फळीवर झोपण्याचा सल्ला आजही दिला जातो, परंतु २००३ साली स्पेनमध्ये झालेल्या चाचणीत टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. चांगली पिंजून घेतलेली कापसाची गादी या मापात सहज बसते. कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, आणि उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. पट्टा जड कामापुरता किंवा प्रवासापुरता वापरायला हरकत नाही. घरी आल्यावर तो काढून खुंटीला लावावा.